झरा नानांनी घालवला नव्हता

खाणवाडीचा उंबराखालचा झरा सखारामनानांच्या चुकीमुळे आटला, असं आमच्या भागात वीस-बावीस वर्षं बोललं गेलं. मार्गासनीपासून वेल्ह्याच्या रस्त्यावर कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारलं असतं, तरी हेच उत्तर मिळालं असतं. ते खरं नाही. तो झरा मी घालवला, माझ्या हातानं आणि माझ्या हट्टानं. नंतर भरल्या सभेत खोटं बोलून त्याचा दोष एका अशा माणसावर जाऊ दिला, ज्यानं त्या वाडीला जन्मभर पाणी पाजलं. नानांबद्दल अभिमानानं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण हे आधी सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरला, माझ्या नकाशाच्या टेबलापाशी होतो. मी घरांचे, नळयोजनांचे नकाशे काढून देतो. वाडीतला विलास बोलत होता. सध्या पाणी सोडायचं काम त्याच्याकडे आहे. "दत्तूभाऊ, नाना गेले. सकाळी उठलेच न्हाईत." मग म्हणाला, "लाइट न्हाई कालपास्नं. वरच्या आळीचे नळ बंद हायती. नानांच्या अंघोळीला खालच्या टाकीचं, त्यांनीच आणलेलं पाणी काढलंय." मी फोन ठेवला. एखाद्या माणसाला शेवटची अंघोळ त्यानं स्वतः डोंगरातून आणलेल्या पाण्यानं घातली जाते, हे भाग्य आमच्या भोर-वेल्हे या दोन्ही तालुक्यांत किती जणांना मिळालं असेल?

खाणवाडी हे काही जुनं गाव नाही. डोंगराच्या पोटाशी दगडाची खाण निघाली आणि खाणीपाठोपाठ माणसं आली. बहुतेक हिर्डोशीच्या बाजूची, डोंगरउतारावर भात-नाचणी काढणारी. भात झोडून झालं की ती दगड फोडायला उतरायची, आणि एका वर्षी ती परत गेलीच नाहीत. माझे वडील खाणीवर मुकादम होते. नाना बार भरणारे, म्हणजे दगडात भोक पाडून सुरुंग उडवणारे. रस्त्याची खडी, बंधाऱ्याचे दगड, घरांचे पाये असा आमचा दगड कुठं कुठं गेला, पण वाडीला पाणी नव्हतं. खाणीच्या खड्ड्यात साचायचं त्यावर मशीनच्या तेलाचा तवंग असायचा. प्यायचं पाणी वर, उंबराखालच्या झऱ्यावर. बाया उजाडताच निघायच्या आणि दोन खेपा होईतो ऊन डोक्यावर यायचं.

ते पाणी खाली आणायचं नानांनी ठरवलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खाणीत कंप्रेसरचे जुने लोखंडी पाइप गंजत पडले होते, ते त्यांनी मालकाकडून मागून घेतले. सांध्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधल्या आणि डोंगराच्या अंगावरून पाइप उतरवला. पण डोंगराचा उतार सरळ नसतो. पाइप मधेच चढतो, आणि चढाच्या जागी हवा अडकून पाणी थांबतं. नानांनी अशा प्रत्येक चढावर पाइपला बारीक भोक पाडून त्यात बाभळीची खुंटी ठोकली. रोज सकाळी पाइपाला कान लावत लावत ते डोंगर चढायचे. जिथं आवाज बदलेल तिथली खुंटी काढायची, फुस्स करून हवा निघून जायची, पाण्याची चिळकांडी उडाली की खुंटी परत ठोकायची. "ढेकर दिला बघ गड्यानं," म्हणायचे. पुढं वरच्या आळीच्या डोक्यावर दगडी टाकी झाली आणि तिथून अख्ख्या वाडीला पाणी उतरू लागलं. मोटर नाही, वीज नाही. एकदा वेल्ह्याहून पाणीपुरवठ्याचे एक साहेब पाहायला आले. त्यांनी विचारलं, "ह्याचं डिझाइन कोणाचं?" नाना म्हणाले, "डोंगराचं. आमी निस्तं ऐकलं."

या माणसाचा मी अपमान केला.

भोरहून नकाशे काढायचं शिक्षण घेऊन मी वाडीत परत आलो आणि लगेच पाणी समितीत शिरलो. वाडी वाढली होती. चैत्रात टाकी अर्धीच भरायची, रांगेत भांडणं व्हायची. मला घरोघर नळ द्यायचे होते आणि त्यासाठी झरा मोठा करायचा होता. आता, आम्ही खाणीची माणसं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली की पहिला उपाय एकच. देवळापुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, झऱ्याला बार घालू. सगळ्यांना पटलं. विहिरीला बार घालून पाणी वाढवलेलं प्रत्येकानं पाहिलं होतं. एकटे नाना नको म्हणाले.

"दत्तू, हीर खाली जायाची असती म्हणून तिला बार घालत्यात. झऱ्याला कुठं खाली जायचंय? पाण्याच्या बुडाखाली सलग दगड हाय म्हणून ते वर हाय. त्याला भोक पाडू नगं."

"नाना, उभा जन्म बार उडवण्यात गेला आणि आता भिता व्हय?" मी म्हणालो. लोक हसले.

"उडवले म्हणूनच भितो," नाना म्हणाले. ते मात्र हसले नाहीत.

शेवटी सभेपुढं त्यांचं चाललं नाही. बार घालायचाच असेल तर मीच घालणार, आणि दोनच, अशी अट त्यांनी घातली. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक दगड पुढं आला होता, त्याच्यात आडवी दोन भोकं, हातभर खोल, प्रत्येकात सुरुंगाच्या दारूची अर्धी कांडी. तेवढ्यानं झऱ्याचं तोंड मोकळं होईल, बूड शाबूत राहील.

इथं आमच्या खाणीची एक रीत सांगायला हवी. बार उडवायच्या आधी एक माणूस लाल निशाण घेऊन खालच्या सगळ्या वाटा मोकळ्या करत फिरायचा आणि किती बार उडणार ते ओरडून सांगायचा. "चार हायती हो, चार!" मग हातातला घास हातात धरून अख्खी वाडी मोजायची. चार सांगितले आणि तीनच वाजले, तर एक न उडता दगडात राहिलाय, त्याच्या जवळ जायचं नाही. त्या आकड्यावर माणसांचे जीव असायचे. म्हणून बार कोणीही भरो, निशाण ज्याच्या हातात त्याच्या शब्दाला मान आणि त्याच्यावरच जबाबदारी. नानांचा आकडा कधी चुकला नव्हता.

त्या सकाळी भोकं पाडून झाली आणि नाना निशाण घेऊन खाली निघाले. मला म्हणाले, "मुकादमाचं पोर हायेस, भरशील नीट. शिट्टी वाजली की वाती पेटीव आन खडकाआड हो." ते उतरून गेले. खालून त्यांचा आवाज येत होता, "दोन हायती हो, दोन!" ... आणि मी भोकं पाडणाऱ्या मशीनवाल्याला म्हणालो, अजून एक मार. झऱ्याच्या बुडात. सरळ खाली. मशीनवाला बाहेरचा होता, त्यानं मान डोलावली आणि मारलं. नानांनी तो आवाज ऐकला असेल आणि भोक साफ करताहेत असं त्यांना वाटलं असेल. त्या तिसऱ्या भोकात मी दोन अख्ख्या कांड्या भरल्या. मला वाटत होतं, पाणी उसळून आलं की नानाही कबूल करतील.

तीन वाजले.

पाणी उसळलं खरं. गढूळ, पण हाताच्या मनगटाएवढी धार. लोक नाचले, मला खांद्यावर घेतलं. नाना धापा टाकत वर आले, गर्दीतून वाट काढत झऱ्याशी बसले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बूड चाचपलं. हात बाहेर काढला, धोतराला पुसला, आणि माझ्याकडे न बघता खाली निघून गेले.

दहा-बारा दिवसांत धार बोटाएवढी झाली. महिन्यात झरा कोरडा पडला. उंबराची पानं गळाली. वाडीत टँकर सुरू झाला आणि पुन्हा सभा बसली.

"नाना, तुमी दोन म्हणून वरडत गेला आन वाजले तीन. आमी मोजले की! तिसरा लपवून का भरला?" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याला वाटलं, पाणी वाढवल्याचं नाव आपलं व्हावं." मग सगळे माझ्याकडे वळले. "दत्तू, वर तू व्हतास. तूच सांग." मशीनवाला केव्हाच दुसऱ्या खाणीवर निघून गेला होता. मी उभा राहिलो. माझे वडील समोर बसले होते. मी म्हणालो, "नानांनी जे सांगितलं, तेवढंच मी केलं."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात म्हटलं असेल, सांगता येणार नाही. ते इतकं साधं होतं... नानांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग ते सभेकडे वळून म्हणाले, "निशाण माझ्या हातात व्हतं. बार माझा." आणि खाली बसले.

पाण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं, पण पाण्यानं त्यांना सोडलं नाही. गेलेलं पाणी कुठं तरी निघालंच असणार, एवढं त्यांनी धरून ठेवलं. उन्हाळाभर ते डोंगर हिंडले. गांधीलमाशा कुठल्या मातीला चिकटतात, कुठलं गवत चैत्रातही हिरवं राहतं, हे बघत. मी रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. त्यांनी एकदाही विचारलं नाही, का आलास. वाडीत मात्र माझं कौतुक व्हायचं. "चूक म्हाताऱ्याची, राबतंय ते पोरगं. मन लई मोठं." मी ते ऐकून घ्यायचो. त्याचीही मला आज लाज वाटते.

पावसाळ्यात नानांनी जे केलं ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. शेजारच्या ओहोळाचं पाणी त्यांनी दगडमातीचा बांध घालून झऱ्याच्या भेगेत वळवलं आणि त्यात पोतंभर भाताचं तूस ओतलं. मग आम्ही डोंगर उतरून एकेक ओढा, एकेक डबकं तपासत फिरलो. तिसऱ्या दिवशी, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, झऱ्यापासून बरंच खाली, एका खडकाच्या फटीतून येणाऱ्या पाण्यावर सोनेरी तूस तरंगत होतं. नानांनी ते ओंजळीत घेतलं आणि मोठ्यानं हसले. "सापडला गडी! हितं लपला व्हता व्हय?" त्या दिवसापर्यंत मी सगळं शिक्षण शहाणं होण्यासाठी घेतलं होतं. शहाणा माणूस कसा दिसतो ते मी त्या ओढ्यात पाहिलं.

ती फट वाडीच्या बाजूला नव्हती. पाणी वळवून आणायला खडकाच्या कडेनं शे-सव्वाशे हात चर खोदायला हवा होता. खाणमालक म्हणाला, चार बार घाला, दोन दिवसांत होईल. नाना म्हणाले, "ह्या दगडाला आता बार न्हाई." छिन्नी आणि हातोडा घेऊन त्यांनी दोन हिवाळे तो चर कोरला. येणारे-जाणारे टोमणा मारायचे, "नाना, छिन्नी तरी मोजून मारा हो!" ते म्हणायचे, "मोजतोय रं, तूबी मोज. हात मोकळं असतील तर हिकडं ये." दुसऱ्या हिवाळ्यात काही जण खरंच आले. मी नंतर भोरहून लेव्हल मशीन आणून त्या चराचा उतार मोजला. नुसत्या नजरेनं आणि पाण्याच्या थेंबानं ठरवलेला तो उतार सबंध लांबीत कुठंही चुकलेला नव्हता. आजही मी नवीन पोरांना नकाशे शिकवताना त्या चराकडे घेऊन जातो. वाडी आज त्या पाण्यावर उभी आहे, हे मी फुगवून सांगत नाही. मधल्या काळात सरकारी योजना आली, विहीर झाली, पंप बसला, पण लाइट गेली की तो पंप गप्प होतो. नानांचं पाणी एक दिवसही थांबलेलं नाही.

एकच गोष्ट त्या पाण्याला जमली नाही. ते खालून निघालं, म्हणून वरच्या टाकीत चढू शकलं नाही. खालच्या आळीत नवी टाकी बांधून तिच्यात घेतलं, ते वरच्या आळीला मिळालं नाही. माझं घर खालच्या आळीत, नानांचं वरच्या. पंप येईपर्यंत, आणि पंप बंद पडेल तेव्हा पुढंही, त्यांची बायको शेवंताकाकू खालून हंडे भरून ती चढण चढत राहिल्या. हंडा उतरवला की त्या नानांना ऐकवायच्या. मी दारातून स्वतः ऐकलंय. "घ्या. दोन म्हणून तीन भरले, त्याचं फळ माझ्या कंबरंला." नाना मुकाट्यानं त्यांच्या डोक्यावरची चुंबळ उचलून खुंटीला अडकवायचे.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. दगडाच्या धुळीनं त्यांची छाती धरली होती, बोलताना थांबावं लागायचं. काकू शेतात गेल्या होत्या. मी म्हणालो, "नाना, तिसरं भोक मी मारलं होतं."

"लई लवकर आठवलं," ते म्हणाले. आणि हसता हसता त्यांना खोकल्याची ढास लागली.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून काय व्हनार व्हतं? तू पळाला असतास पुण्याला. मला तुसाचं पोतं उचलाया मानूस पायजे व्हता." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आन तुला वर एकट्याला ठिवलं म्याच. निशाणवाल्यानं भोकं बघूनच खाली जायाचं असतं. तेवढी माझी चूक हायच." छाती चोळत पुढं म्हणाले, "मला नगं सांगू. म्हातारीला सांग. पाणी तिनं वाहिलं. तिला अजून वाटतं, ह्यो बार माझा."

मी चकित झालो. "तुम्ही काकूंनाही सांगितलं नाही?"

"म्या सांगितलं असतं तर चुगली झाली असती. तू सांगशील तर माफी व्हईल. वाट बघतोय."

तेवढ्यात काकू आल्या. डोक्यावर गवताचा भारा होता. "दत्तू आलाय व्हय? च्या टाकते," म्हणाल्या. मी चहा प्यायलो. नाना माझ्याकडे बघत होते. मी कप खाली ठेवला, येतो म्हणालो, आणि उठलो. त्यांनी नुसती मान हलवली. मी पुन्हा जाईन, पुढच्या रविवारी सांगेन, असं मला वाटत होतं. असे बरेच रविवार गेले.

दशक्रिया गुंजवणीच्या काठी झाली. एवढी माणसं आमच्या वाडीच्या कुठल्याच कार्याला मी पाहिली नव्हती. भाटघरपासून, घाटाच्या वाटेवरच्या गावांतून, कुठल्या कुठल्या खाणींतून लोक आले होते. रीतीप्रमाणे चार जण माइकवरून नानांबद्दल बोलायला उठले. सगळे चांगलंच बोलले. शेवटी पंचक्रोशीतले एक पुढारी म्हणाले, "नानांच्या हातून एक मोठी चूक झाली, पण त्यांनी ती जन्मभर राबून भरून काढली." समोर बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. कुठल्याही वाईट हेतूनं नाही. पिंपळाखाली बायांमध्ये बसलेल्या शेवंताकाकूंनीही मान खाली घातली... नवऱ्याच्या चुकीबद्दल, सगळ्यांसमोर.

मी उठून माइक घेतला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "नानांच्या हातून चूक झाली नव्हती. नानांनी दोनच बार सांगितले होते आणि दोनच भोकं पाडली होती. ते खाली गेल्यावर तिसरं मी पाडून घेतलं. मी भरलं, मी पेटवलं. सभेत विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

खाणीवरचा एक म्हातारा पुटपुटला, "तरी म्हटलं, सखारामचा आकडा चुकायचा कसा..." आणि मग काकू उठल्या.

"काय म्हनलास? परत म्हन."

मी परत म्हणालो. माइक न घेता, त्यांच्याकडे बघून.

त्या शेजारच्या बायांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला होता, पण तो रागाचा नव्हता. "ऐकलं का गं? आमच्या ह्यांचा बार चुकला न्हवता. दोन म्हनले ते दोनच व्हते!" त्यांनी सगळ्या माणसांकडे एकदा बघून घेतलं, ताठ मानेनं. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. पदर तोंडाशी गेला. "आन मी... मी रोज त्यांनाच बोलत व्हते रं. त्यांनी येक दिस उलटून सांगितलं न्हाई."

गर्दीनं वाट दिली. मी पिंपळाखाली गेलो आणि त्यांच्या पायाशी बसलो.

"काकू, झरा मी घालवला. पाणी तुम्ही वाहिलंत, आणि बोलणी नानांनी खाल्ली. त्यांच्या जिवंतपणी तुम्हाला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."